‘टेक’ म्हणजे केवळ घेणे नव्हे



आपल्या मुलांना इंग्रजीची पहिली ओळख होते ती शब्दांच्या यादीने. ‘टेक’ म्हणजे घेणे, ‘गो’ म्हणजे जाणे. यादी पाठ झाली की भाषा आली, असे आपण समजतो. पण औषधाला ‘टेक’ लावले तर आपण ते घेतो. छायाचित्राला लावले तर ते काढतो. आणि परीक्षेला लावले तर ती देतो! यादीवर विसंबणारा मुलगा ‘परीक्षा घेतली’ असे लिहितो आणि एका शब्दासरशी विद्यार्थ्याचा मास्तर होतो. तुमसरला जायला जो तास लागतो, तोही इंग्रज ‘टेक’नेच सांगतो.

गंमत अशी, की हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच. तो उत्तरेकडील नॉर्स लोकांकडून आला. इंग्रजीचा जुना शब्द ‘निमन’ होता. तो मागे पडला आणि बधिर या अर्थाच्या ‘नंब’ शब्दात त्याची खूण उरली. पाहुणा आला आणि घरधनी झाला.

याला इंग्रजीचा विक्षिप्तपणा म्हणू नका. आपले ‘लागणे’ पाहा. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते. मूल रडू लागते आणि मनात नसतानाही जावे लागते. म्हणूनच मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, तेव्हा शब्दांचे अर्थ देऊन तो थांबला नाही. त्यांचे प्रयोगही दिले.

आपण सिहोऱ्याची माणसे तर सरहद्दीवरची. बावनथडीपलीकडला माणूस ‘अच्छा लगता है’ म्हणतो, तेव्हा आपण ‘बरे लागते’ असे समजत नाही. ‘बरे वाटते’ असेच समजतो. हे कोणी यादी देऊन शिकविले नाही. वाक्य कानांवर पडत गेले आणि अर्थ उमगत गेला.

इंग्रजीच्या धास्तीने शाळा सोडणाऱ्या मुलाची बुद्धी कमी नसते. त्याच्या हाती आपण सुटे शब्द दिलेले असतात. शब्द माणसासारखाच संगतीने ओळखावा लागतो. तेव्हा घरी मुलाला ‘टेक म्हणजे काय?’ असे विचारू नका. ‘टेक घालून पाच वाक्ये सांग’ असे म्हणा. पालकाला इंग्रजी येत नसले तरी चालेल. वाक्ये ऐकायला बसले म्हणजे झाले.