शुश्रूषेचा नैतिक अधिकार

नैतिक पेच माणसाच्या मनात उद्भवतो, म्हणून त्याचे ओझेही त्याने एकट्यानेच वाहावे, अशी रीत आपल्या रुग्णालयांत रुळली आहे. संस्था त्यातून अलिप्त राहते. ही अलिप्तता समाजवादी विचाराला मान्य होण्यासारखी नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. त्यानंतर शहरातील परिचारिकांनी संप केला. अरुणाबाईंची नीट शुश्रूषा व्हावी आणि आपल्याही कामाची परिस्थिती सुधारावी, या दोन्ही मागण्या त्यात एकत्र होत्या. पुढे १९८०च्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी त्यांना अन्यत्र हलविण्याचा प्रयत्न महापालिकेने केला. खाटांची टंचाई खरी होती. परंतु टंचाईची किंमत सर्वांत असहाय माणसाने का द्यावी, हा प्रश्नही तितकाच खरा होता. परिचारिकांच्या विरोधामुळे तो बेत सोडावा लागला. संघटना केवळ वेतनासाठी नसते, ती सदसद्विवेकबुद्धीचेही साधन असते, हे येथे सिद्ध झाले.

७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाची याचिका फेटाळताना अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार शुश्रूषा करणाऱ्या या कर्मचाऱ्यांचाच मानला. १८ मे २०१५ रोजी अरुणाबाई निवर्तल्या.

पुढे काय झाले? २०१८ च्या निकालाने आणि २०२३ च्या सुधारणेने उपचार थांबविण्याचा निर्णय दोन वैद्यकीय मंडळांकडे सोपविला. एकट्या डॉक्टरवरचा भार त्यामुळे हलका झाला, हे स्वागतार्हच आहे. परंतु ही मंडळे डॉक्टरांची आहेत. रात्रंदिवस रुग्णाच्या उशाशी असणाऱ्या परिचारिकेला त्यांत हक्काची जागा नाही. निर्णय वरून येतो, त्याची अंमलबजावणी मात्र तिच्या हातून होते.

शिवाय, कंत्राटावरील परिचारिकेने आक्षेप तरी कोणाच्या बळावर घ्यावा? नोकरीची शाश्वती नसेल, तर नीतिमत्ता ही चैन ठरते. म्हणून रुग्णालयांच्या नीतिसमित्यांत परिचारिकांना प्रतिनिधित्व, आक्षेपाची लेखी नोंद व त्याबद्दल शिक्षेपासून संरक्षण, विचारविनिमयासाठी कामाच्या वेळातच सवड आणि कायम पदे, या मागण्या कामगार चळवळीने वेतनाच्या मागण्यांबरोबरच मांडल्या पाहिजेत. परिचारिकेच्या त्यागाचे गोडवे गाणे सोपे आहे. तिला निर्णयात वाटा देणे हीच खरी कसोटी होय.