परातीतली बाग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. सातवीपर्यंत शिकले, पुढे चूल आणि मुले. चुकले तर सांभाळून घ्या. आज मी इथे उभी आहे ती शेजारच्या काकूंमुळे. आमच्या खिडकीत गहू उगवलेली परात पाहून त्यांनी विचारले, "काय गं, तुम्ही ख्रिस्ती माणसे चैत्रात घट बसवता की काय?" मला हसू आले, पण त्याचे उत्तर दारात उभ्याउभ्या देण्याजोगे नव्हते. तेव्हा त्यांनी माझे नाव परस्पर चिटणीसबाईंना देऊन टाकले.

नाताळ तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. चांदणी लागते, फराळाची ताटे इकडून तिकडे जातात. ईस्टर मात्र कधी आला नि गेला ते भिंतीपलीकडेही कळत नाही. त्याची तारीखही ठरलेली नसते. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. म्हणून २०२४ साली तो धूळवडीनंतर सहाव्या दिवशी, ३१ मार्चला आला, आणि २०२५ साली हनुमान जयंतीनंतर आठ दिवसांनी, २० एप्रिलला. खरे पाहता आमचा मोठा सण हाच. येशू ख्रिस्त शुक्रवारी वधस्तंभावर मेला, त्याला कबरेत ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, एवढ्यावर आमचा सारा विश्वास उभा आहे. मुलांना जन्म समजतो, कारण बाळ समजते. मेलेला उठतो हे कसे समजवावे? हल्ली दुकानात ईस्टरची चॉकलेटची अंडी मिळतात. ती खाऊन मुलांना चॉकलेट समजते.

म्हणून आम्ही परात मांडतो. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, चर्चहून आले की भोक पडलेली जुनी परात काढायची. अंगणातली माती चाळून, थोडे शेणखत घालून भरायची आणि रात्रभर भिजवलेले गहू दाट पेरायचे. एका बाजूला सुगड आडवे ठेवून मातीने लिंपायचे, तोंड तेवढे मोकळे. ती कबर. सुगड काकूंकडचेच, संक्रांतीचे, धाकट्याने मागून आणलेले. तोंडावर लावायला सीना नदीतला चपटा गोटा. मागे खराट्याच्या काड्यांचे तीन क्रूस. येशूची कबर एका बागेत होती असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे, म्हणून ही बाग. मरीया मग्दालियेला उठलेला येशू दिसला तेव्हा तिला तो आधी माळीच वाटला. त्यामुळे पाणी शिंपडण्याचा मान ज्याचा, तो आमच्याकडे त्या दिवसाचा माळी.

रोज संध्याकाळी पाणी शिंपडायचे आणि त्या आठवड्याची गोष्ट थोडी थोडी वाचायची. गुरुवारी आमच्या ह्यांनी पातेल्यात पाणी घेऊन मुलांचे पाय धुतले, कारण शेवटच्या जेवणाच्या वेळी येशूने शिष्यांचे धुतले होते. मुलगी पाय पुढे करीना. पेत्रानेही आधी असेच केले होते. शुक्रवारी बारा ते तीन चर्चमध्ये उपासना. घरी आल्यावर पांढऱ्या चिंधीत गुंडाळलेली लहानशी बाहुली सुगडात ठेवून दगड लावला.

शनिवारी काही करायचे नसते. मुलांना हाच दिवस जड जातो. "आज काय करायचं?" "काही नाही. वाट पाहायची."

आता २०२५ सालची गोष्ट सांगते, ती याच शनिवारची. त्या जानेवारीत माझ्या सासूबाई गेल्या. धाकटा त्यांच्याच कुशीत निजणारा. परातीजवळ बसून त्याने विचारले, "आई, येशूला तीन दिवस लागले. आजीला तीन महिने झाले. तिचा दगड कधी सरकणार?"

मी भाकरी थापीत होते. रविवारच्या शाळेत शिकलेले उत्तर मला येत होते, की शेवटच्या दिवशी सर्वजण उठतील. तेच दिले. तो म्हणाला, "शेवटचा दिवस म्हणजे केव्हा?" मी म्हटले, "मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही." "मग तुला कसं माहीत, उठतील म्हणून?" भगिनींनो, तव्यावरची भाकरी करपली. मी म्हणाले, "माहीत नाही रे. माझा विश्वास आहे. मीही वाटच पाहते आहे." त्याचे समाधान झाले नाही. माझे तरी कुठे झाले होते!

दर वर्षी मी ईस्टरच्या रात्री चारला उठून गुपचूप दगड बाजूला करते, बाहुली काढते आणि चिंधीची घडी सुगडात ठेवते. मुले उठतात ती रिकामी कबर पाहून ओरडतच. त्या पहाटेही मी उठले, आणि हात दगडावर ठेवून तशीच उभी राहिले. आमची मंडळी त्याच पहाटे कबरस्तानात सूर्योदयाच्या उपासनेला जाते. घरचा दगड आपोआप सरकला असे त्याने पाहिले, तर तासाभराने आजीच्या दगडाकडे तो कोणत्या डोळ्यांनी पाहील? मी दगड तसाच ठेवला. ह्यांना उठवून विचारलेही नाही.

मग धाकट्याला उठवले आणि दगड त्यालाच सरकवायला लावला. म्हटले, "हा आपण सरकवतो, गोष्ट सांगायला. तो खरा दगड माणसांनी सरकवला नव्हता." आणि दिव्याच्या उजेडात मार्काचे वाचले. तुमच्याकडे तिसऱ्या दिवशी सावडायला जातात. त्या बायकाही तिसऱ्या दिवशी, राहिलेले करायला, सुगंधी द्रव्ये घेऊन निघाल्या होत्या. वाटेत चिंता एकच, की ती मोठी धोंड आपल्यासाठी लोटणार कोण? जाऊन पाहतात तो लोटलेली. लूक सांगतो की त्यांनी येऊन शिष्यांना सांगितले तेव्हा त्या पुरुषांना ती बायकांची बडबड वाटली. इथे आमची मुलगी दर वर्षी बापाकडे बघते.

धाकटा हसला नाही. त्याने बाहुली आपल्या हाताने काढून खिशात घातली. मग परातीतले चार बोटे वाढलेले गहू मातीसकट मूठभर उपटले आणि डब्यात भरले. मी काही बोलले नाही.

कबरस्तानात अजून अंधार होता. कबरींवर मेणबत्त्या लागत होत्या. पाळकसाहेबांची प्रार्थना चालू असताना त्याने आजीच्या उशाशी काडीने माती उकरली, गहू लावले आणि आपल्या बाटलीतले पाणी सगळे ओतले. दगडाकडे त्याने पाहिले की नाही ते मला सांगता येणार नाही. मी माझेच डोळे पुशीत होते. फाटकाशी आल्यावर त्याने एवढेच विचारले, "पुन्हा पाणी घालायला कधी यायचं?"

पुढच्या रविवारी गेलो तर एप्रिलच्या उन्हाने सारे वाळून गेले होते. मला वाटले, आता हा रडणार. तो म्हणाला, "सावली करायला हवी होती." पावसाळ्यात आम्ही तिथे तगरीचे रोप लावले. ते जगले आहे.

परातीचे मात्र अडले आहे. बाग काढताना सुगड फुटले. काकूंकडे आता जादा नाही. कोणाकडे संक्रांतीचे एखादे पडून असेल, तर धाकट्याला पाठवते.