कपाट, किल्ली आणि ग्रंथपाल

(देवस्थानच्या सभागृहात झालेल्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभातील भाषण)



प्रथम श्रीच्या चरणी वंदन करतो. गुणवंत मुलांच्या कौतुकप्रसंगी बोलण्याचा मान आपण एका निवृत्त शालेय ग्रंथपालाला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. गोमंतकात देवळाचे आणि विद्येचे नाते जुने आहे. परकीय अमलात कित्येक गावी मराठी शाळा देवळाच्या आवारातच भरत. तेव्हा शाळेच्या ग्रंथालयाविषयी चार शब्द बोलावयाचे तर याहून उचित स्थान कोणते?

आपल्या शाळांत पुस्तकेच नाहीत, असे आता सरसकट म्हणता येणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. मात्र त्याच अनुसूचीत शिक्षकवर्गाची गणना करताना कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षण यांच्या अंशकालीन शिक्षकांचा उल्लेख येतो. ग्रंथपालाचा येत नाही. कायद्याने पुस्तकांची आठवण ठेवली. ती मुलाच्या हाती देणाऱ्याची आठवण राहिली नाही.

याचा परिणाम काय होतो, ते मी पाहिले आहे. ग्रंथालयाचे काम एखाद्या शिक्षिकेकडे जादा म्हणून सोपविले जाते. वर्षअखेरीस पुस्तकांची मोजदाद होते आणि एखादे पुस्तक कमी भरले तर जाब तिला विचारला जातो. अशा वेळी ती कपाटाला कुलूप लावणार नाही तर काय करील? दोष तिचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. एका शाळेत कपाटाच्या काचेला नाक लावून पुस्तकांची नावे वाचणारी एक लहान मुलगी मला दिसली. मी विचारले, “बाय, तुला यातले कुठले पुस्तक हवे?” ती म्हणाली, “नको सर. फाटलं तर आमच्या बाईंना पैसे भरावे लागतात.” त्या मुलीला पुस्तक हवे होते आणि बाईंची काळजीही होती. या दोहोंत तिला निवड करावी लागावी, हे मला आजही बोचते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक; १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी या शास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील पहिल्याचा आशय असा, की ग्रंथ जपून ठेवण्याकरिता नसून वापरण्याकरिता असतात. या कसोटीला आपली किती कपाटे उतरतील? वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असाही त्यांचा आग्रह होता. ही गाठ घालून देणे हेच ग्रंथपालाचे खरे काम.

हे मर्म बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी फार पूर्वीच जाणले होते. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. संस्थानाच्या खेड्यांतून पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. परंतु महाराज केवळ पेट्या धाडून थांबले नाहीत. १९११ मध्ये ग्रंथपाल तयार करणारा शिक्षणवर्गही बडोद्यात सुरू झाला. पुस्तकांबरोबर माणूस घडवावा लागतो, हा धडा त्यात आहे.

ग्रंथपाल करतो तरी काय? जून उजाडला की बुरशी आणि वाळवी यांच्याशी त्याचा सामना सुरू होतो. तो निखळलेली पाने चिकटवितो, पुस्तकांचे वर्गीकरण करतो, देवघेवीची नोंद ठेवतो. पण हे झाले बाहेरचे काम. माझ्याकडे एक मुलगा येई. वर्गात तो ‘ढ’ म्हणून गणला गेलेला. गोष्टींच्या पुस्तकांकडे ढुंकूनही पाहत नसे. एकदा तो कुळागरात दिसलेल्या सापाविषयी रंगून बोलत होता. मी सर्पांचे एक सचित्र पुस्तक त्याच्यापुढे ठेवले. आठवड्याने ते परत करताना त्याने विचारले, “असलेच आणखी आहे?” त्या प्रश्नाइतके मोठे पारितोषिक मला दुसरे मिळाले नाही. हे काम कपाटाकडून होणार नाही; आणि मुलांच्या हाती आलेल्या मोबाईलकडूनही नाही. तेथे माहितीचा पूर आहे. त्यातले खरे कोणते, खोटे कोणते, हे पारखायला शिकविणारा कोणी तरी जवळ हवाच.

महाजनहो, देऊळ बांधून आपण दार लावून घरी जात नाही. नंदादीप तेवता राहावा म्हणून त्यात वेळेवर तेल घालणारा माणूस नेमतो, त्याच्या योगक्षेमाची तजवीज करतो. शाळेलाही तोच न्याय लावावा. आपण शाळांना उदार हस्ते पुस्तके देता. माझी नम्र विनंती एवढीच, की यापुढे नवे कपाट देण्याआधी जवळच्या एका शाळेसाठी प्रशिक्षित ग्रंथपालाचे मानधन द्यावे. निदान दिवसाचे तीन तास तरी तो मुलांमध्ये बसावा. आणि दरसाल हाताळून फाटणाऱ्या, हरवणाऱ्या थोड्या पुस्तकांचा भार समितीने सोसावा, म्हणजे कोणा बाईंना किल्ली लपवावी लागणार नाही. फाटलेले पुस्तक निदान कोणी तरी वाचलेले असते.

ही सद्बुद्धी श्रीने आपणा सर्वांस द्यावी, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.