लांडग्यांचे गाणे : लॉस लोबोस आणि दोन भाषांचे घर



घरची भाषा एक आणि बाजाराची दुसरी, हे आपल्याला नवे नाही. त्यावर बोलताना आपण बहुधा कवींचे दाखले देतो. मी आज एका रॉक वाद्यवृंदाचा देणार आहे.

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात मेक्सिकन वंशाच्या लोकांची जुनी वस्ती आहे. तिथे १९७३ साली डेव्हिड हिडाल्गो, लुई पेरेझ, सेझर रोसास आणि कॉनराड लोझानो एकत्र आले. नाव घेतले लॉस लोबोस, म्हणजे लांडगे. ही रॉक ऐकत वाढलेली मुले. पण विजेची गिटार बाजूला ठेवून ती आईवडिलांच्या पिढीच्या गाण्यांकडे वळली. जुन्या तबकड्या ऐकून चाली उतरवल्या, गिटारॉन आणि बाहो सेक्स्तोसारखी वाद्ये हाताळायला शिकली.

पुढची काही वर्षे गेली लग्नांत आणि उपाहारगृहांत. आपल्याकडे ‘बँडवाला’ हा शब्द आपण जरा नाक मुरडूनच उच्चारतो. मला मात्र या मंडळींची खरी शाळा तीच वाटते. लग्नात श्रोता निवडता येत नाही. आजीला बोलेरो हवा, पुतण्याला रॉक, आणि नाचायचे दोघांनाही असते. परंपरा शुद्ध किती, हे तिथे कोणी विचारत नाही. पाय हलतात की नाही, एवढेच पाहतात.

१९८० साली एका पंक कार्यक्रमात प्रेक्षकांनी त्यांच्यावर वस्तू फेकल्या. तरी ते त्याच श्रोत्यांकडे पुन्हा गेले. आता विजेची गिटार हाती होती, पण अकॉर्डियनही सोबत होता. पुढे सॅक्सोफोनवादक स्टीव्ह बर्लिन येऊन मिळाला.

मग १९८७. व्हेराक्रूझचे लोकगीत ‘ला बाम्बा’ रिची व्हॅलेन्सने १९५८ मध्ये रॉकमध्ये आणले होते. त्याच्यावरील चित्रपटासाठी लॉस लोबोसने ते गायले आणि स्पॅनिश गाणे अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. अशा वेळी कोणीही दुसरा ‘ला बाम्बा’ काढला असता. यांनी १९८८ साली ‘ला पिस्तोला इ एल कोरासोन’ ही पूर्ण स्पॅनिश, लोकवाद्यांवरची तबकडी काढली.

इथे माझे काही अभ्यासकांशी पटत नाही. हीच तबकडी अस्सल आणि बाकी सगळी तडजोड, असे ते मानतात. पण हिडाल्गो आणि पेरेझ यांनी मिळून लिहिलेली कितीतरी उत्तम गाणी इंग्रजीत आहेत आणि त्यांतली माणसे त्याच वस्तीतली आहेत. १९९२ ची ‘किको’ ऐका. तिथे कुठली भाषा ‘घरची’, हे ठरवणे अवघड जाते. विद्यार्थी विचारतात, मग भाषा टिकली कुठे? मी म्हणतो, रोसास आजही स्पॅनिशमध्ये गातो, तिथे. आणि इंग्रजी ओळीखाली वाजणाऱ्या अकॉर्डियनमध्येही.

२०२१ च्या ‘नेटिव्ह सन्स’मध्ये त्यांनी आपल्याच शहरातल्या इतरांची गाणी गायली. लालो गेरेरो आणि बीच बॉइज एकाच तबकडीवर आले. स्वतःचे नवे गाणे एकच. तिला ग्रॅमी मिळाले. वाजवणाऱ्यांत १९७३ चे ते चौघेही होते.