नंदिनीला मारुती नाही

श्रोतेहो, नाशिकला रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. गोदावरीला पूर आला की लोक विचारतात, “मारुतीला पाणी कुठवर आलं?” कोणी सांगतो गुडघ्याला, कोणी कमरेला. २०१६ आणि २०१९ सालच्या ऑगस्टात तर मारुती पार बुडाला होता.

मोठे शहर संकटाला कितपत तोंड देईल, हे मोजण्यासाठी जाडजूड अहवाल निघतात. ते निघोत बापडे! माझा प्रश्न साधा आहे. पाणी येतंय हे कळल्यापासून ते उंबऱ्याला लागेपर्यंत माणसाला वेळ किती मिळतो?

गोदावरीकाठी थोडा तरी मिळतो. वर गंगापूरचे धरण आहे. किती क्यूसेक पाणी सोडणार, ते आधी जाहीर होते. क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. तेवढ्यात सराफ बाजारातला दुकानदार माल माडीवर नेऊ शकतो.

सातपूरची गोष्ट निराळी. तिथल्या वस्तीतून आणि कारखान्यांजवळून नंदिनी वाहते. जुनी माणसं तिला नासर्डी म्हणतात. तिच्यावर गंगापुरासारखे धरण नाही, मग दरवाजा उघडल्याची वर्दी देणार कोण? शिवाय जिथे शेते होती तिथे आता पत्रे, काँक्रीट आणि डांबर. गुरुजींनी फळ्यावर हिशेब मांडून पाहावा: एक हेक्टरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होते ५ लाख लिटर. शेतात त्यातले बरेचसे मुरते. पत्र्यावरून जवळजवळ सगळे नाल्यात उतरते, आणि तेही लगेच.

नकाशावर पूररेषा असतात. निळी पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण एकदा पूर येऊन गेला म्हणजे पुढची शंभर वर्षे निश्चिंत, असं नव्हे बरं का! दर पावसाळ्यात शंभरात एक, अशी ती शक्यता आहे.

नकाशा कचेरीत राहतो, खूण मात्र डोळ्यांपुढे असते. म्हणून नंदिनीच्या प्रत्येक पुलाच्या खांबावर फूटपट्टी रंगवावी. अमुक खुणेला पाणी लागले की रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने खालच्या वस्तीला फोन करावा. कारखान्यांनी रसायनांची पिंपे पावसाळ्यापूर्वीच उंच ओट्यावर चढवावीत. पाण्याबरोबर ती वाहून गेली तर पुरात विषाची भर.

खेड्यातल्या श्रोत्यांना वाटेल, हे शहराचं दुखणं, आमचा काय संबंध? पण नंदिनी टाकळीजवळ गोदावरीला मिळते, आणि पुढे तेच पाणी निफाड तालुक्यात चांदोरी-सायखेड्याच्या दारात येते. सातपुरात नाला बुजला की अरुंद झाला, याची विचारपूस खालच्या गावांनीही करायला हवी.

शिक्षकांनी मुलांना घरोघर पाठवून म्हाताऱ्यांना विचारायला लावावे: कोणत्या साली, कोणत्या भिंतीला, कुठवर पाणी? तिथे रेघ मारून साल लिहावे. यंदाच्या पुराची रेघ मारताना मात्र तासही लिहावा. वरच्या पुलावर आठ वाजता आणि खालच्या पुलावर साडेआठला पाणी चढले, असे दोन-तीनदा टिपले की खालच्या वस्तीला अर्धा तास मिळतो हे कळेल. अर्ध्या तासात गुरे सोडता येतात आणि म्हातारी आई खांद्यावर घेऊन चढावर पोचता येते.