घाटातली मोटार



देवालयाच्या जीर्णोद्धाराला लागलेला दगड ट्रकने आला. पूर्वी असा दगड बैलगाडीनेच येई, आणि घाट असेल तर जादा बैलजोडी जुंपावी लागे. म्हणून आज विषय मोटारीचा.

वाईचेच उदाहरण घ्या. मोटारीपूर्वी महाबळेश्वरला जाणारी मंडळी आगगाडीने वाठार स्टेशनवर उतरत आणि टांग्याने वाईवरून पसरणीचा घाट चढत. वाई ते पाचगणी अंतर अवघे १२ किलोमीटर, पण चढ छातीवरचा! पुढे मोटारी आल्या. त्या हँडल मारून सुरू करीत. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर उलटा झटका बसून मनगट मोडे. चढावर पाणी उकळे, मग थांबून रेडिएटरात ओतायचे. क्लीनर हातात दगड घेऊन तयारच. गाडी मागे सरकली की चाकाखाली सारी. जुन्या फोर्डचे पेट्रोल टाकीतून उताराने इंजिनात येई. टाकी भरत आली नसेल तर तीव्र चढावर ते पोचत नसे, म्हणून चालक गाडी उलटी फिरवून मागच्या गिअरमध्ये घाट चढवीत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा काही मोटारी कोळशाच्या गॅसवरही धावल्या.

पण वाहन असले म्हणजे ते सर्वांनाच मिळे, असे नाही. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगावला उतरले, ते मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून काम आटोपून येताना. अस्पृश्याचा टांगा हाकायला टांगेवाले राजी नव्हते. शेवटी टांगा मिळाला, हाकणारा मात्र नवशिका, वस्तीतलाच माणूस. पुलावर चाक अडले, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले आणि पाय मोडला. घोडा टांग्यासह नदीत कोसळला. हे मुद्दाम सांगायचे ते देवालयाच्या मांडवात, कारण रस्ता आणि देऊळ दोन्ही सर्वांची, हे आपल्याला फार उशिरा उमगले.

खासगी सर्व्हिस मोटारींचा कारभार पुष्कळदा लहरीचा. माणसे भरली की गाडी सुटणार, तोवर उतारू झाडाखाली. १ जून १९४८ रोजी पुणे आणि नगर या मार्गावर सरकारी एस. टी. धावली. मग हळूहळू गावोगावच्या पारापाशी वेळेचा फलक लागला. गाडी केव्हा, हे चालकाला विचारण्याऐवजी लोक फलक वाचू लागले. ज्यांना वाचता येत नसे, ते शेजारच्याला वाचायला सांगत.