विसरलेली शाल आणि कायदा

दिवाळीच्या सुमारास गुलमंडीवर पाऊल ठेवावयास जागा नसते. समजा, अशा एका सायंकाळी एक गृहिणी दुकानात हिमरूची शाल खांद्यावर टाकून आरशासमोर उभी आहे. इतक्यात धाकटे मूल रडू लागते आणि ती तशीच बाहेर पडते. दारातच नोकर हटकतो. चार माणसे जमतात. कोणी म्हणतो, ‘‘बाई, चोरी कबूल असे लिहून द्या, दंड भरा, म्हणजे बोभाटा होणार नाही.’’ लज्जेने तिचा हात लेखणीकडे जातो. तो हात तेथेच थांबावा, एवढ्यासाठी तरी कायद्याची थोडी ओळख प्रत्येक घरात असावी.

१८६० चे दंडविधान जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलात आली. तिच्या ३०३ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याच्या ताब्यातील वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने घेण्यासाठी हलविणे म्हणजे चोरी. हेतू हाच या व्याख्येचा प्राण होय. विसरभोळेपणा हा गुन्हा नव्हे. तथापि अंतःकरणातला हेतू न्यायासनास दिसत नाही. तो वर्तनावरून ताडावा लागतो. शाल खांद्यावर उघडी होती की पिशवीच्या तळाशी, हटकताच परत केली की पळ काढला, या गोष्टी तेथे बोलतात. म्हणून दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी तत्काळ करावी.

साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. वस्तू ५,००० रुपयांहून कमी किमतीची, दोष प्रथमच सिद्ध झालेला आणि वस्तू वा तिचे मोल परत केलेले असल्यास समाजसेवेची शिक्षा आहे. ती सौम्य म्हणून कबुली देऊन मोकळे होण्याचा मोह पडतो. परंतु पुन्हा दोषी ठरल्यास किमान एक वर्षाची सक्तमजुरी आहे. शिवाय माल ठेवण्याच्या इमारतीतील चोरी म्हणून ३०५ वे कलम लागल्यास मर्यादा सात वर्षांवर जाते.

दुकानदाराचे नुकसानही खरेच असते. परंतु समक्ष चोरी करणाऱ्यास कायद्याने धरता येते तेव्हाही त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांकडे सोपविले पाहिजे. मारहाणीचा अधिकार कोणासही नाही.

मग वकील केव्हा गाठावा? कागदावर सही मागितली जाताच, पोलिसांची नोटीस येताच, आणि अटक झाल्यास त्याच क्षणी. पोलिसांपुढील कबुली पुरावा म्हणून चालत नाही. पण दुकानदारास स्वखुशीने लिहून दिलेली न्यायालयात पुढे येऊ शकते. अटकेचे कारण कळणे, वकिलाची भेट मिळणे आणि प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांत न्यायाधीशापुढे उभे केले जाणे, हे राज्यघटनेने दिलेले हक्क आहेत. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. त्यास पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. चूक खरोखर घडली असली तरीही वकील हवाच, कारण मालक राजी असल्यास साध्या चोरीत तडजोडीस कायद्याची मुभा आहे.

स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना १९८७ च्या कायद्यान्वये विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. १९८१ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ असलेल्या छत्रपती संभाजीनगरात वकिलांची वाण नाही. उशीर होतो तो लाजेमुळे. त्या गृहिणीने शाल परत करावी, चूक कशी झाली ते शांतपणे सांगावे आणि घरी निरोप धाडावा. न केलेल्या चोरीवर सही मात्र करू नये.